कुंडीतला वाफसा

मंडळी, नागपुरात गच्चीवर कुंड्या भरायच्या म्हटलं की माती बहुधा जवळच्याच एखाद्या प्लॉटवरून येते. बेसा, हिंगणा, वर्धा रोड, कुठेतरी पाया खणला जातो आणि काळी माती निघते. दोन पोती आणली, थोडं शेणखत मिसळलं, झाली कुंडी तयार. ही माती वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. विदर्भाचा कापूस हिच्याच जोरावर पिकतो. पण शेतात तिच्याखाली आणखी माती असते आणि ती वरचं पाणी खाली ओढत राहते. कुंडीत दहा-बारा इंचांवर तळ येतो आणि ही ओढ तिथेच संपते.

काळ्या मातीचे कण फार बारीक. ओले झाले की फुगतात, मधल्या फटी बुजतात. वाळले की आकसतात, भेगा पडतात. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते, आणि पाण्यातून प्राणवायू हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश सरकतो. म्हणून चिंब भरलेल्या कुंडीत मुळं गुदमरतात. गंमत अशी की, गुदमरलेलं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं, कारण मेलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत. आपण ते पाहतो आणि आणखी एक झारी ओततो.

आता तळाशी खापऱ्या किंवा गिट्टी टाकायची पद्धत घेऊ. घरोघरी आहे, पण तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरतच नाही. माती पुरती भिजेपर्यंत ते वरच अडून बसतं. प्रत्येक कुंडीच्या बुडाशी असा एक चिंब थर असतो. त्याची उंची मिश्रणाच्या बारीक-जाडपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. हा भांडी घासायचा स्पंज बघा. पाण्यात बुडवून आडवा धरला, टपकणं थांबलं. आता उभा करतो. बघा, पुन्हा पाणी गळायला लागलं. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. म्हणून उथळ कुंडीत चिंब भागाचा वाटा जास्त, उंच कुंडीत कमी. आणि खाली चार इंच गिट्टी भरली की उंच कुंडीची आपण स्वतःच उथळ कुंडी करतो. भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बस.

मग मिश्रण कसं निवडायचं? इथे माझं मत ठाम आहे. नागपुरात मिश्रण पावसाळ्यासाठी करायचं, उन्हाळ्यासाठी नाही. आपल्याला भीती असते ती मे महिन्याची, आणि ती खोटी नाही. २३ मे २०१३ला या शहरात ४७.९ अंश नोंदलं गेलं. त्या भीतीने आपण पाणी धरून ठेवणारी जड माती भरतो. पण मे महिन्यात कमी पडलेलं पाणी संध्याकाळी घालता येतं. जुलैच्या झडीत साचलेलं पाणी काढता येत नाही. आपल्याकडे वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात.

माझ्या हाताला बसलेलं माप असं: दोन भाग कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), एक भाग पुरतं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग जाड रेती किंवा जळलेला धानाचा तूस. कन्हान नदीची रेती वापरत असाल तर चाळून बारीक भुकटी टाकून द्या. ती पोकळ्या बुजवते. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून मिळतो. कच्चा मात्र घालू नका, तो कुजताना नत्र खातो. कोकोपीटची वीट भिजवून दोन-तीनदा धुवून घ्या, कारण नारळाच्या सोडणातले क्षार तिच्यात उतरलेले असतात. लिंबासारखं मोठं झाड असेल तर वजन आणि आधारासाठी एक भाग मुरमाड माती घाला. गांडूळखत ‘चांगलंच आहे ना’ म्हणून निम्मं भरू नका, मिश्रण गच्च बसतं.

मिश्रण जमलं की नाही हे घरी तपासता येतं. पाच लिटरचा डबा घ्या, बुडाला भोकं पाडून चिकटपट्टीने बंद करा. मिश्रण भरा, वर पाणी चमकेपर्यंत हळूहळू ओता. मग पट्टी काढा आणि निथळलेलं पाणी मोजा. पाऊण ते एक लिटर निघालं तर तेवढी जागा आता हवेने घेतली, उत्तम. अर्ध्या लिटरच्या खाली राहिलं तर जाड माल वाढवा.

पाणी रोज सकाळी सातला, ही घरातली शिस्त झाली. झाडाची गरज वेगळी. शेतकरी वाफसा आल्याशिवाय, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत ओल आणि हवा दोन्ही नीट असल्याशिवाय, रानात पाय टाकत नाही, तसं कुंडीतही बघायचं. बोट दोन इंच खुपसा. किंवा पाणी दिल्यावर कुंडी उचलून वजन लक्षात ठेवा, पुन्हा उचलून हलकी लागली तरच द्या. द्याल तेव्हा खालून निथळेपर्यंत द्या, म्हणजे क्षारही धुऊन जातात. रोज वाटीभर शिंपडणं सगळ्यात वाईट, वर ओल आणि खाली कोरडं. मिश्रण कडेने सुटलं असेल तर वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. अशी कुंडी बादलीत बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, भर दुपारी पानं मलूल झाली तरी आधी बोट घालून बघा. ओल असेल तर सायंकाळी पानं आपोआप सावरतात. टाकीतलं, पाइपातलं तापलेलं पाणी दुपारी देऊ नका. हिरवी जाळी बांधा, कुंड्या स्लॅबवरून विटांवर उचला, वर वाळला पाला पसरा. पाऊस लागला की कुंड्यांखालच्या बशा काढून टाका.

संत्र्याच्या बागेत बुंध्याला पाणी लागू नये म्हणून दुहेरी आळं करतात. लागलं तर डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग, येतो. कुंडीतल्या लिंबालाही खोडाजवळ ओतू नका.

आत्ता एका ताईंनी कुलरच्या पाण्याचं विचारलं. नका घालू. कुलरमधून उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात आणि दिवसेंदिवस दाट होत जातात. पॅडवर पांढरा थर चढतो तो त्यांचाच. आरओचं टाकाऊ पाणीही तसंच खारट. एसीचं पाणी मात्र चालतं. ज्यांनी गेला उन्हाळाभर कुलरचं पाणी घातलं आहे, त्यांनी कुंडीच्या दुप्पट साधं पाणी एकदा सावकाश ओतून निथळू द्या. काळ्या मातीतली रोपं नव्या मिश्रणात हलवायची असतील, तर पाऊस नीट सुरू झाल्यावर, जूनच्या अखेरीस हलवा.