आठ तास झोपूनही

(महापे एमआयडीसी. सकाळचे दहा. रांगेत उभ्या स्टाफ बस.)

कंपनीची माणसं गेटवर उतरली, की या बस संध्याकाळपर्यंत अशाच उभ्या. ड्रायव्हर मंडळींचा झाडाखाली पत्त्यांचा डाव पडतो. चौथ्या बसमध्ये मात्र एक जण मान मागे टाकून झोपलाय, तोंड उघडं. सोबतचे त्यांना 'घोरासुर' म्हणतात. आपण काका म्हणू.

काका राहतात कळव्यात. रात्री साडेनऊला अंथरुणाला पाठ, पहाटे साडेपाचला जाग. रात्रपाळी नाही, दारू नाही. आठ तास पुरे होतात. तरी विटाव्याच्या पुलाखाली गाड्या तुंबल्या की डोळे मिटायला लागतात, आणि ऐरोली येईपर्यंत तोंडावर दोनदा पाणी मारून झालेलं असतं.

(काकूंच्या मोबाइलवरचं चित्रण. अंधार. फक्त आवाज.)

हे काकूंनी उशाशी फोन ठेवून टिपलं. ऐका. आता घोरणं थांबलंय.

(निवेदन इथे 22 सेकंद बंद.)

इतका वेळ काका श्वास घेत नव्हते. मग हा घुसमटल्यासारखा हुंकार, की पुन्हा घोरणं सुरू. आपल्याकडे घोरणारा माणूस म्हणजे ढाराढूर झोपलेला, सुखी माणूस. काकूंनाही वीस वर्षं तसंच वाटत होतं.

(डॉक्टरांच्या टेबलावरचा कागद. काकांचा हात, पेन.)

या कागदावर आठ प्रश्न आहेत. मेलबर्नचे डॉक्टर मरे जॉन्स यांनी 1991 मध्ये मांडलेली ही एपवर्थ मोजपट्टी. टीव्ही बघताना डुलकी लागते का? दुपारी जेवून शांत बसल्यावर? ट्रॅफिकमध्ये गाडी थांबल्यावर? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण 24. दहाच्या वर गेलं तर दिवसाची झोप जास्त आहे. काकांनी स्वतःला दिले 9. तोच कागद काकूंपुढे ठेवला. त्यांनी दिले 17.

काका खोटं बोलले असं नाही. रोज पेंगणाऱ्याला आपलं पेंगणं दिसेनासं होतं. आणि ज्याचं पोट स्टिअरिंगवर आहे, तो 'गाडीत डोळा लागतो' असं लिहून कसं देईल? लायसन्सच्या वेळी त्यांचे डोळे तपासले होते. घोरता का, हे कुणी विचारलं नव्हतं.

(ठाणे. स्लीप लॅबची खोली. रात्रीचे नऊ.)

डोक्याला तेल लावून येऊ नका, असं बजावलं होतं. काका चापून-चोपून तेल लावून आले. तेलावर सेन्सर टिकत नाहीत, म्हणून आधी शाम्पू. आता ही टेक्निशियन ताई टेपने डोकं मोजतेय, खुणा करतेय, एकेका ठिकाणची त्वचा घासून पेस्ट लावतेय. डोक्यावरच्या तारा मेंदूच्या लहरींसाठी. डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीवर, पायांवर. छातीला एक पट्टा, पोटाला एक. नाकाखाली बारीक नळी, गळ्याजवळ छोटा माईक, बोटाला ऑक्सिजन मोजणारी क्लिप. 'काका, कूस बदललीत तरी चालेल, फक्त ओढू नका हं.' पाऊण तास गेला यात. काका आरशात बघून म्हणाले, 'मीटर बसवला की काय माझ्यावर!'

(मॉनिटर. रात्रीचे पावणेदोन.)

आता ही स्क्रीन नीट बघा. ही वरची रेष नाकातल्या हवेची. ती सपाट झाली. खालच्या दोन रेषा छातीच्या आणि पोटाच्या. त्या चालूच आहेत, उलट एकमेकींच्या विरुद्ध हेलकावे खातायत. म्हणजे श्वास घ्यायची धडपड आहे, पण हवा आत जात नाही. घशाच्या या भागाला हाडाचा आधार नसतो. जागेपणी स्नायू तो उघडा ठेवतात. झोपेत ते सैल पडले की जीभ आणि मऊ टाळू मागे येतात आणि वाट बंद होते. ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात तो हाच. ऑक्सिजनचा आकडा थोड्या उशिराने घसरतो. बघा, 94... 89... 83. आणि ही मेंदूची रेष अचानक दाट झाली. मेंदू जागा झाला, घसा उघडला, काका हुंकारले. पाच-सहा सेकंदांत पुन्हा झोप. सकाळी यातलं काही आठवत नाही.

श्वास असा 10 सेकंद किंवा जास्त अडला, की नोंद होते. हवा पुरती न थांबता बरीच कमी झाली आणि ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली, तर तीही नोंद. तासाला पाचपर्यंत चालतं, तीसच्या वर गंभीर. काकांच्या रिपोर्टवर 42. अशी झोप म्हणजे दर दीड मिनिटाला कुणी खांदा हलवतंय.

(बसच्या काचेतून ठाणे-बेलापूर रस्ता.)

अशा रात्रीनंतर माणूस दिवसभर सारखा संथ असतो असं नाही. बराच वेळ तो ठीक असतो आणि मधेच गैरहजर होतो. उघड्या डोळ्यांनीसुद्धा. ताशी 60 च्या वेगात चार सेकंदांची गैरहजेरी म्हणजे 66 मीटर बस चालवणाऱ्याविना. चहाने तास-दीड तास निभतो. शिवाय वाढता रक्तदाब, हृदय, पक्षाघात यांच्याशीही या आजाराचं नातं आहे.

(काकांचं घर. मास्क, नळी, छोटं यंत्र.)

हे सीपॅप. सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये हा उपाय जगापुढे मांडला. सुरुवातीच्या यंत्रांत व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. यंत्र श्वास घेऊन देत नाही. ते नाकातून हलक्या दाबाची हवा सोडतं आणि त्या हवेच्या टेकूवर घसा उघडा राहतो. पहिल्या आठवड्यात काकांनी मास्क तीनदा काढून फेकला. नाक कोरडं पडलं, नातवाने 'हत्ती' म्हणून हाक मारली. मग मास्कचा आकार बदलला, यंत्रात पाण्याचं भांडं बसवलं. रोज रात्री लावायचं. सोडलं की त्रास परत.

(महापे. सकाळचे दहा. दोन महिन्यांनंतर.)

काका बसची काच पुसतायत. गालावर मास्कच्या पट्ट्याचा वळ अजून आहे. सगळंच गेलेलं नाही, दुपारी जेवल्यावर डोळे जड होतातच, असं ते स्वतःच सांगतात. या वेळी काकूंनी दिलेले गुण 8.

आमचा माईक चालू होता. हा आवाज काकांचा नाही, सहाव्या बसमधला आहे. मधेच थांबतोय.

(निवेदन बंद. आवाज तसाच ठेवावा.)