गुडघ्याचा कोन आणि गोळीची वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णांकडून घरी जाऊन व्यायाम करून घेणे हे माझे काम. सिडकोतला फ्लॅट असो, नाशिकरोडची बैठी घरे असोत की पंचवटीतला जुना वाडा असो, दार उघडताच दोन प्रश्न कानांवर येतात. घरचे विचारतात, "पाय वाकायला कधी लागेल?" आणि पलंगावरून रुग्ण विचारतो, "दुखायचे कधी थांबेल?" आज या दोन प्रश्नांविषयीच बोलणार आहे, आणि आधीच सांगून ठेवते की ते दोन्ही एकत्रच सोडवावे लागतात. जो दुखणे आवरत नाही त्याचा गुडघा वाकत नाही, आणि ज्याचा गुडघा वाकत नाही त्याचे दुखणे लांबत जाते.

या शस्त्रक्रियेत मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकावर धातूचे आवरण बसवतात, नडगीच्या हाडावर धातूची बैठक बसवतात आणि या दोहोंच्या मध्ये विशिष्ट प्लास्टिकची चकती असते. हा नवा सांधा पहिल्या दिवसापासून हलायला तयार असतो. म्हणूनच बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभे केले जाते. अडचण असते ती सांध्याभोवतीच्या मांसाची. जखम भरताना आत नवे तंतू तयार होतात आणि पाय हलता राहिला नाही, तर ते आखडून बसतात. शिवाय सांध्यात सूज असली की मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला मिळणारी आज्ञाच क्षीण होते. रुग्णाला वाटते पायातले बळ गेले. प्रत्यक्षात बळ असते, सुजेमुळे ते वापरता येत नाही. म्हणून पहिले सहा ते बारा आठवडे महत्त्वाचे. पुन्हा सांगते, पहिले सहा ते बारा आठवडे.

येथे एक विषयांतर करते. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली. निर्णय चांगला झाला. परंतु अजूनही शस्त्रक्रियेआधी महिनाभर घरात चर्चा चालते ती धातू कोणता आणि कंपनी कोणती याचीच. घरी आल्यावर व्यायाम कोण करून घेणार, हा प्रश्न रुग्णालयातून सुटी मिळण्याच्या आदल्या रात्री कुणाला तरी आठवतो.

आता पंचवटीतल्या एका सरांची हकीकत सांगते. ती मी जिथे संधी मिळेल तिथे सांगते, कारण आज जे सांगायचे आहे ते सगळे तिच्यात आहे. सर माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेले, विषय गणित, त्यातही भूमिती. काळाराम मंदिराच्या बाजूच्या एका बोळात त्यांचा वाडा. खाली ओसरी, माजघर, आणि अरुंद लाकडी जिन्याने वर गेले की माडीवर त्यांची पुस्तके. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा पलंग माजघरात आणला होता आणि माडीवर जायला मिळत नाही हेच त्यांचे मुख्य दुःख होते.

मी प्रथम गेले तेव्हा शस्त्रक्रियेला तीन आठवडे होत आले होते. सर प्रसन्न चेहऱ्याने बसले होते. म्हणाले, "मॅडम, तुम्हाला उगीच त्रास दिला. आमचे काम मुदतीच्या आधीच झाले आहे." त्यांनी उशाखालून रुग्णालयाचा कागद काढला. त्यावर उद्दिष्ट लिहिलेले होते: दोन आठवड्यांत नव्वद अंश, सहा आठवड्यांत एकशे दहा अंश. मग त्यांनी पलंगाच्या कडेला टेकवून ठेवलेली वस्तू उचलली. तो शाळेच्या फळ्यावर वापरतात तो लाकडी कोनमापक होता, पिवळा रंग उडालेला, मध्ये मूठ असलेला. निवृत्तीच्या वेळी शाळेने तो त्यांना आठवण म्हणून दिला होता. त्यांनी त्याचा मध्यबिंदू गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला धरला, एक कड मांडीच्या रेषेत ठेवली आणि नडगीची रेषा कुठे येते ते बोटाने दाखवले. "वाचा," म्हणाले. मी वाचले. एकशे दहा.

श्रोतेहो, कोनमापक बरोबर होता आणि सरांचे मोजणेही बरोबर होते. त्यांनी मांडी आणि नडगी या दोन भुजांमधला कोन मोजला होता, आणि भूमितीत तोच कोन मोजतात. आम्ही मात्र पूर्ण सरळ पायाला शून्य धरतो आणि तिथून पाय किती वाकला ते मोजतो. हे मी सांगताच सरांनी कोनमापक मांडीवर ठेवला आणि क्षणभर छताच्या तुळईकडे पाहिले. "म्हणजे तुम्ही पूरककोन घेता," ते म्हणाले. "एकशे ऐंशी वजा एकशे दहा." पुढची वजाबाकी त्यांनी मोठ्याने केली नाही. सरांचा गुडघा सत्तर अंशच वाकत होता.

सत्तर अंश म्हणजे काय, हे सांगायला हवे. सपाट जमिनीवर साधे चालायला साधारण साठ-पासष्ट अंश पुरतात, त्यामुळे सर माजघरातून ओसरीपर्यंत व्यवस्थित येत-जात होते आणि कुणालाच शंका आली नव्हती. जिना चढायला ऐंशीच्या पुढे लागतात, उतरायला नव्वद ते शंभर, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायलाही साधारण तेवढेच. माडी दूरच होती. त्यात गंमत अशी की सरांच्या वहीतला आकडा रोज संध्याकाळी एकशे पंधरापर्यंत वाढायचा आणि ते समाधानाने झोपायचे. प्रत्यक्षात संध्याकाळी सूज वाढल्यामुळे गुडघा कमी वाकत होता. समाधानाने झोपायचे असे मी म्हणाले खरे, पण त्यांना झोप लागतच नव्हती, हे काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून सांगितले. "रात्रभर कण्हतात. गोळी घ्या म्हटले की किडनीचे सांगतात."

गोळ्यांची पाकिटे पाहिली, तर पहिल्या आठवड्यानंतर ती जवळपास भरलेलीच होती. वेदनाशामक गोळी घेणे हा सरांना दुबळेपणा वाटत होता. आपल्याकडे दुखणे निमूटपणे सोसणाऱ्याचे फार कौतुक होते, आणि माझ्या मते या कौतुकाने जितके गुडघे आखडले आहेत तितके आळसाने आखडले नसतील. दुखते म्हणून वाकवायचे नाही, वाकवले नाही म्हणून आखडते, आखडले की आणखी दुखते. मी सरांना समजावण्याच्या भरीस पडले नाही. म्हटले, "सर, वहीत एक रकाना वाढवा. गोळी किती वाजता घेतली, व्यायाम किती वाजता केला, आणि पूरककोन किती आला." त्यांच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून घेतले, रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडे व्यवस्थित असल्याने डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत गोळ्या घेण्यास काहीच हरकत नव्हती.

पुढच्या वेळी गेले तेव्हा वही माझ्यापुढे आली, शिसपेन्सिलने पट्टीवर आखलेली. न्याहारीनंतर गोळी घेऊन पाऊण तासाने व्यायाम केला त्या दिवशी पंच्याऐंशी. गोळी टाळली त्या दिवशी शहात्तर. असे एकदा नव्हे, जोडीजोडीने. सरांनी त्या आकड्यांखाली दुहेरी रेघ मारली होती आणि गोळीविषयीचा वाद तिथे संपला. गोळी दुखणे पूर्ण थांबवत नव्हती. पाय वाकवताना येणारा ताण सोसता येईल इतकी मोकळीक देत होती. पलंगावर टाच सरकवत नितंबाकडे आणणे, खुर्चीत बसून चांगल्या पायाने ऑपरेशनचा पाय हलकेच मागे दाबणे, शेवटच्या टोकाला पाच-दहा सेकंद थांबणे, एवढेच व्यायाम, पण दिवसातून तीन-चार वेळा. सहाव्या आठवड्यात सर एकशे चार अंशांवर आले.

पण मी पाय सरळ किती होतो ते पाहिले, तेव्हा दुसरी गोष्ट उघड झाली. सर उताणे झोपले असताना गुडघ्याखालून माझा हात आरपार जात होता. त्यांनीच कोनमापक लावला: एकशे अडुसष्ट. सरळ व्हायला बारा अंश कमी पडत होते. सगळ्या घराचे लक्ष वाकण्याकडे आणि सरळ होण्याचे कुणाच्या ध्यानातच नाही, हे मी घराघरात पाहते. पाय सरळ झाला नाही तर माणूस लंगडत चालतो, मांडी लवकर थकते आणि काही महिन्यांनी कंबर धरते. कारण शोधायला फार दूर जावे लागले नाही. रोज रात्री दुखू नये म्हणून काकू मायेने सरांच्या गुडघ्याखाली गोधडीची जाड घडी ठेवत होत्या. गुडघा थोडा वाकलेला असला की बरे वाटते हे खरेच आहे, आणि तसाच तो आखडतो हेही खरे आहे. मी ती घडी काढली आणि टाचेखाली ठेवली. गुडघा अधांतरी राहिला, वजनाने हळूहळू खाली येऊ लागला, आणि सरांनी दात ओठ खाल्ले. दहा मिनिटे तसे राहायचे, सोबत मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. काकूंना मात्र वाईट वाटले. त्या म्हणाल्या, "इतके दिवस मीच त्यांना त्रास देत होते की काय?" यावर सर जे बोलले ते मला फार आवडले: "घडी बरोबर होती, बिंदू चुकला होता."

तिसरा महिना संपताना सर एकशे बारापर्यंत वाकवत होते, सरळ होण्यात दोन-तीन अंशच बाकी होते, आणि कठडा धरून ते माडीवर गेले होते. माझ्यासमोर नव्हे. मला ते वहीतून कळले.

आता काही गोष्टी झटपट सांगते. सरांचे आकडे तुमच्या घरच्या रुग्णाला लावू नका. शस्त्रक्रियेआधी गुडघा किती वाकत होता यावर नंतर तो किती वाकेल हे बरेचसे अवलंबून असते. शेजारच्या मावशींचा पाय महिन्यात इतका वाकला, असे सांगणाऱ्या पाहुण्यांना चहा द्यावा आणि विषय द्राक्षांच्या भावाकडे वळवावा. मात्र सहा-आठ आठवडे होऊनही नव्वद अंश गाठले नसतील तर घरी वाट पाहत बसू नये, सर्जनना दाखवावे. भूल देऊन गुडघा वाकवून मोकळा करण्याचा उपाय असतो आणि त्याचा उपयोग साधारण पहिल्या तीन महिन्यांत अधिक होतो.

गोळ्यांबद्दल पुन्हा सांगते: व्यायामाच्या अर्धा ते पाऊण तास आधी, आणि डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच. दुकानातून आणखी एक वेदनाशामक आणून त्यात भर घालू नये. मूत्रपिंडाचा विकार, पोटात व्रण किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ट्रामाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते. पाणी आणि इसबगोल यांची सोय आधीच करावी.

व्यायामानंतर बर्फ. पिशवी पंचात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे, पाय हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवून. पंचा आवश्यकच, कारण टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बहुधा बधिर असते आणि बर्फाने भाजले तरी कळत नाही. नाशिकच्या पौषातल्या थंडीत बर्फाचे नाव काढले की घरातली वडीलधारी मंडळी शेकायची पिशवी घेऊन धावतात. पण पहिल्या आठवड्यांत गुडघा आधीच गरम आणि सुजलेला असतो, त्याला आणखी शेक देऊ नये. ताज्या जखमेवर तेल चोळू नये, मग ते तेल कुठल्याही गावाहून आणलेले असो.

गुडघा काही महिने गरम लागणे, चालताना टक्-टक् आवाज येणे, संध्याकाळी सूज वाढणे, यांत बहुतेक वेळा घाबरण्यासारखे काही नसते. पोटरी अचानक सुजून दुखू लागणे, जखमेतून पाणी किंवा पू येणे, ताप येणे, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टर. दम लागला किंवा छातीत दुखले तर तासाचाही विलंब नको, थेट रुग्णालय.

जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. गोदाघाटावर फिरायला जाण्याची हौस असणाऱ्यांनी पहिले तीन महिने ओल्या पायऱ्यांपासून दूर राहावे आणि सपाट जागा पाहावी. कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक पहाटेच्या गर्दीनंतर बरा. आणि वॉकर सोडून काठीवर आलात की ती ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातात धरू नका, विरुद्ध बाजूच्या हातात धरा. दहांपैकी सात-आठ जण मला चुकीच्या हातात धरलेलेच दिसतात.

नमस्कार.