बाल्कनी आत घेण्याआधी थांबा

मंडळी, नमस्कार. विषय दिलाय पर्यावरणपूरक घर आणि सजावट, पण मी सरळ बाल्कनीपासून सुरू करतो, कारण आपल्याकडे फ्लॅटचा ताबा मिळाला रे मिळाला की पहिलं काम काय तर बाल्कनी आत घ्यायची, हॉल मोठा करायचा, पुढे भिंतभर काचेची स्लायडिंग लावायची, आणि मग एप्रिलमध्ये हॉल तापतो म्हणून एसी. अहो, त्या बाल्कनीमुळे हॉलच्या दाराला सावली होती! ती आपणच पैसे खर्च करून घालवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऊन काचेतून सहज आत येतं, पण त्याने तापलेल्या फरशीची, सोफ्याची उष्णता काचेतून तितक्या सहज बाहेर जात नाही. म्हणून आतून जाड पडदा लावला तरी आधी पडदा तापतो आणि मग तोच खोली तापवतो. फरक पडतो, नाही असं नाही, पण थोडा. तेच पैसे काचेच्या बाहेर बांबूच्या चिकावर घाला, ऊन बाहेरच थांबेल.

आता दिशा बघा. पुण्यात मेच्या मध्यावर भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीवर दीड-दोन फुटांचा छज्जा असला तरी उन्हाळ्यातलं दुपारचं ऊन आत येत नाही, आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो तेव्हा हवंहवंसं ऊन छज्ज्याखालून आत येतं, म्हणजे दोन्हीकडून फायदाच. पश्चिमेचं तसं नाही. चार-पाच वाजता ऊन समोरून तिरपं येतं, छज्जा काहीच करू शकत नाही. तिथे उभा आडोसा लागतो, चिक चालेल, उभ्या पट्ट्या चालतील, नाहीतर ग्रिलवर मधुमालती किंवा कृष्णकमळ चढवा.

मागून एक ताई विचारतायत, बाल्कनी आधीच आत घेतलीये, आता काय? ताई, काच राहू दे, बाहेरून चिक लावा, आणि वारा आरपार जाईल अशी समोरची एक खिडकी उघडी ठेवा.

पण वाऱ्याचंही गाव बघून ठरवायचं. पुणे, नाशिककडे उन्हाळ्यात रात्री हवा बरीच थंड होते, म्हणून भर उन्हात खिडक्या बंद आणि रात्री जाळी लावून सताड उघड्या. मुंबईत, कोकणात हवा दमट, तिथे दिवसभर वारा खेळता पाहिजे. आणि नागपूरला मस्त चालणारा कूलर मुंबईत कशाला घेताय, दमट हवेत पाणी नीट उडतच नाही तर गारवा येणार कुठून?

सजावटीत माझा आग्रह एकच, भिंती आणि सीलिंग फिकट ठेवा. हल्ली गडद लॅमिनेट, गडद भिंती, फॉल्स सीलिंगमध्ये डझनभर लाइट, आणि दुपारी बारा वाजता ते सगळे चालू! एलईडी असले म्हणून काय झालं, दिवसा लागायलाच नकोत ना.

साधा जुना पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर महिन्याला एका पंख्यामागे २० युनिट वाचतात, तीन पंख्यांचे तुम्हीच मोजा. पंखा चालू ठेवून एसी २६ वर ठेवला तरी बरं वाटतं, कारण अंगाला वारा लागतो. १ जानेवारी २०२० पासून नवे एसी २४ च्या डिफॉल्टवर यायला लागले ते विजेच्या बचतीसाठीच. आपण रिमोट घेऊन १८ करतो.

राहिले शेवटच्या मजल्यावरचे. तुमचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री, नेमकं झोपायच्या वेळी, ती उष्णता खाली घरात सोडतो. त्यावर पांढरा चुना किंवा पांढरं कूल रूफ कोटिंग द्या, कायमचं हवं असेल तर फिकट रंगाचं चायना मोझॅक, म्हणजे फरशीच्या तुकड्यांचा थर. पण गच्ची सोसायटीची असते, एकट्याने होत नाही, आणि वरच्यांचा त्रास खालच्यांना कळत नाही. म्हणून सेक्रेटरींना सांगून फेब्रुवारीच्या मीटिंगमध्येच विषय घ्या, म्हणजे मार्चअखेर काम उरकेल.