चकमकीचे दात

[फळीची खालची बाजू, अगदी जवळून]

हे बघा. फळी उलटी ठेवलीये म्हणून दिसतंय, नाहीतर ही बाजू कायम जमिनीकडे. लाकडात रांगेनं खुपसलेत ते खिळे वाटतात पण खिळे नाहीत, दगड आहेत. चकमकीचे. एकेक हातानं फोडलेला आणि हातानंच ठोकून बसवलेला. धार अजून आहे बरं का, आमच्या कॅमेऱ्यावाल्याचं बोट कापलं, शॉट मध्येच हललाय तो त्यामुळे.

याला स्पेनमध्ये त्रियो म्हणतात. आपल्याकडे अशी वस्तूच नव्हती त्यामुळे शब्द पण नाही, मळणीची फळी म्हणू. आणि हे गाव कांतालेखो, सेगोव्हिया प्रांतातलं, आजूबाजूला पाइनची जंगलं. या गावात घरंच्या घरं हेच करायची, त्रियो बनवा, धान्याच्या चाळण्या बनवा आणि उन्हाळा लागायच्या आत गाड्या भरून विकायला निघा.

[हातोडी, दगडाचा गोटा, आजोबांचे हात]

आता इथे मी थोडा वेळ बोलणार नाही, आवाज ऐका.

[दगड फुटण्याचा आवाज]

ऐकलंत? नीट फुटला की काच तडकल्यासारखा वाजतो आणि आत भेग असली की बद्द वाजतो, मग हे कारागीर आजोबा तो गोटा बघत पण नाहीत, बाजूला टाकून देतात. आधी जड हातोडीनं मोठा गोटा फोडायचा, मग हलकी टोकदार हातोडी घ्यायची आणि कडेला बरोबर कोनात टोला द्यायचा की छिलका सुटतो, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठा, एका बाजूला पातळ धार आणि दुसरी बाजू जाड, कारण जाड बाजू लाकडात जाणार. जोर लागत नाही म्हणतात ते, मनगट लागतं. आम्ही पण करून बघितलं, आमचा भुगा झाला.

पुस्तकात आपण वाचतो की अश्मयुग संपलं, मग तांबं आलं, मग लोखंड. आणि हे आजोबा लोखंडी हातोडीनं अश्मयुगाचं काम करतायत, तेही हौस म्हणून शिकलेले नाहीत, पोटासाठी शिकलेले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात दगड फोडून हत्यार बनवणं हा रोजचा धंदा होता, गिऱ्हाईक होतं, घासाघीस होती. हे आम्हाला माहितीच नव्हतं.

[फळ्या जोडताना]

लाकूड पाइनचं. जाड फळ्या शेजारी शेजारी ठेवून वरून आडव्या पट्ट्या ठोकतात, पुढचं टोक वर वळलेलं, म्हणजे पेंढ्यात घुसत नाही, वरून चढतं. पुढे लोखंडी कडी, तिथे खेचर नाहीतर बैल जुंपायचे. मग फळी उलटी करून छिन्नीनं खाचा पाडायच्या. या खाचा ओढायच्या दिशेनंच असतात, आणि एका रांगेतला दगड पुढच्या रांगेतल्या दोन दगडांच्या मधोमध येतो, म्हणजे एका दगडाच्या तावडीतून सुटलेली काडी मागच्याला सापडते. डिंक नाही, खळ नाही, काही नाही. खाच दगडापेक्षा जरा घट्ट ठेवायची आणि ठोकायचं, बास.

हे ठोकायचं काम बहुतेक बायकांचं. एका फळीला शेकड्यानं दगड, समोर ढीग, हातात छोटी हातोडी, आणि दगड उचलल्या उचलल्या कुठली बाजू खाली जाणार ते बोटांनाच कळायचं. जुन्या फोटोत बघा, पुरुष कॅमेऱ्याकडे बघून उभे आहेत आणि मागे बायका खाली मान घालून ठोकतायत.

हे विक्रेते गावोगाव फिरायचे ना, तर त्यांची आपसातली एक बोली पण होती, गाथेरिया. गिऱ्हाइकासमोर भाव ठरवायचा आणि गिऱ्हाइकाला कळू द्यायचं नाही. आपल्याकडे दलाल रुमालाखाली बोटं दाबून करायचे तेच, फक्त तोंडानं.

[खळं, दुपारचं ऊन, त्रियो फिरतोय]

स्पेनच्या कास्तिया भागातल्या काही गावांत उन्हाळ्यात आता हौसेनं जुनी मळणी करून दाखवतात, हे शूट तिथलं. मुद्दाम भर दुपारी, कारण काडी तापून कडक झाली की पटकन तुटते. गहू गोल पसरलेला, त्यावर त्रियो, त्रियोवर माणूस, आणि वजन हवं म्हणून पोरं. पोरांची तर चैनच, फुकटचा पाळणा. हातात जुना डबा धरलाय तो कशाला माहितीये? खेचरानं शेपटी वर केली की पटकन खाली धरायचा, नाहीतर सगळं गव्हात.

आपल्याकडे खळ्यात तिवडा, म्हणजे मधला खांब, रोवून बैलांची पात फिरवायचे, मळायचं काम खुरांचं. इथे दाणे सुटतातच पण दगडाच्या धारेनं काडीचे बारीक तुकडे होतात, म्हणजे जनावरांना कुट्टी तयार. एका फेऱ्यात दोन कामं. नंतर उधळणी मात्र आपल्यासारखीच, वाऱ्याची वाट बघत बसायचं.

[मुद्रेच्या ठशाचा फोटो]

आणि ही फळी किती जुनी? हा ठसा तुर्कस्तानातल्या आर्सलानतेपे या प्राचीन वस्तीतला, ५००० वर्षांहून जुना. जनावर ओढतंय आणि माणूस फळीवर बसलाय, अजून काय पाहिजे. पुढे इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात व्हॅरो नावाचा रोमन लेखक लिहितो की फळीला दगड नाहीतर लोखंड लावून खरबरीत करायची, वर हाकणारा बसवायचा किंवा वजन ठेवायचं आणि जनावरांना ओढायला लावायची. त्याचं नाव त्रिबुलुम, त्याचंच झालं त्रियो. तुर्कस्तानात, सायप्रसमध्ये, बल्गेरियात पण ही फळी होती, प्रत्येकाचं नाव वेगळं. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावच्या उत्खननात कॅल्सेडनीची, म्हणजे चकमकीसारख्याच एका दगडाची, छोटी पाती ढिगानं सापडलीत, ती विळ्याला बसवत असावेत असं मानतात. म्हणजे कापायला दगड आपणही वापरला असणार.

[रस्त्यावरून जाणारं कापणीचं मशीन, चार सेकंद]

मग ही मशीनं आली, कापणी मळणी एकदम, आणि १९५० ते ७० च्या दरम्यान धंदा बसला.

[हॉटेलची भिंत]

आता त्रियो असा दिसतो. भिंतीवर, किंवा वर काच टाकून टेबल, आणि भाव चांगला येतो म्हणे. कांतालेखोत त्याचं म्युझियम आहे, तिथे निदान कोणी त्याच्यावर बशा ठेवत नाही.

[कॅमेरा हळूहळू खाचांवर]

इथे बघा, मधल्या बाजूचे दगड गुळगुळीत झालेत, गवताच्या काडीनं दगड घासून चकाकी आलीये. आणि या सात-आठ खाचा रिकाम्या. दगड पडायचेच. तेव्हा मोसमाच्या आधी कांतालेखोची माणसं गाडीत दगडांची पोती घेऊन दारात यायची, फळी उलटी करायची आणि तिथेच बसून नवे ठोकून द्यायची.