संत्र्यांची पेटी आणि साडेसहाचा आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

हायड्रॉक्सीब्युटिरेट डिहायड्रोजिनेज असे लांबलचक नाव असलेल्या एका विकराविषयी, म्हणजे एन्झाइमविषयी, आज बोलायचे आहे. हे विकर जीवाणूंपासून मिळवतात आणि प्रयोगशाळेत त्याच्या साहाय्याने रक्तातील कीटोन, म्हणजे चरबीपासून शरीरात तयार होणारे पदार्थ, मोजतात. मात्र संत्र्यांच्या पेटीची गोष्ट सांगितल्याखेरीज मला पुढे जाता येणार नाही.

नागपुरातील एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी तेव्हा नुकताच लागलो होतो. हिवाळा होता, आंबिया बहराची संत्री बाजारात आली होती, आणि काटोलकडील एका सतरा वर्षांच्या मुलीला उलट्या होतात व धाप लागते म्हणून दाखल केले होते. रक्त घेण्यासाठी खाटेजवळ गेलो, तोच जास्त पिकलेल्या फळासारखा गोडसर वास आला. खाटेखाली संत्र्यांची पेटी होती. आजाऱ्याला भेटायला जाताना फळे नेण्याची आपली रीत मला कधीच पटलेली नाही; ज्याच्या पोटात पाणी ठरत नाही, त्याच्या उशापायथ्याशी फळे रचून आपण काय साधतो, कोण जाणे. मुलीच्या आजी म्हणाल्या, “वास पेटीचाच आहे बाप्पा.” म्हणून मी पेटी उचलून व्हरांड्यात ठेवली. दहा मिनिटांनी परत आलो, तरी वास खोलीतच होता. तो मुलीच्या श्वासाला येत होता.

रक्तातील साखर बरीच वाढलेली निघाली. मग कीटोन दाखवणारी पट्टी लघवीत बुडवून पाहिली, तर जांभळा रंग अगदीच फिका उमटला. पट्टी एवढी फिकी असताना मुलगी एवढ्या धापा का टाकते, हे मला उमगेना. आमच्या सरांनी मात्र काही न बोलता फ्रीजमधील एक लहानशी कुपी काढली, त्यातील विकर मुलीच्या सीरममध्ये मिसळले आणि किती प्रकाश शोषला गेला हे मोजणाऱ्या यंत्राचा, स्पेक्ट्रोफोटोमीटरचा, काटा हळूहळू सरकू लागला. हिशेब मांडला, तर बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट लिटरला साडेसहा मिलिमोल. निरोगी माणसात हा आकडा साधारणपणे अर्ध्याच्या खाली असतो. मधुमेही माणसात तो ३ च्या वर गेला, की धोक्याची घंटा समजावी.

इन्सुलिनअभावी शरीराला साखर वापरता येईनाशी झाली, की यकृत चरबीपासून कीटोन तयार करते. ते तीन आहेत: ॲसिटोॲसिटेट, बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि ॲसिटोन. श्वासाला वास येतो तो ॲसिटोनचा. पट्टीवरील नायट्रोप्रुसाइड हे रसायन मुख्यतः ॲसिटोॲसिटेटशी रंग देते. बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट त्याला दिसतच नाही. पुन्हा सांगतो, पट्टीला बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेट दिसत नाही, आणि या अवस्थेत रक्तात सर्वाधिक असते ते नेमके तेच, कित्येकदा ॲसिटोॲसिटेटच्या तिपटीहूनही जास्त.

जीवाणूचे विकर त्याला बरोबर पकडते. ते त्याच्यातील हायड्रोजन काढून एनएडी नावाच्या रेणूच्या हवाली करते. अशा रीतीने तयार झालेला एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषून घेतो, आणि किती प्रकाश शोषला गेला यावरून मूळ पदार्थ किती होता हे कळते. मिश्रण अल्कधर्मी ठेवले, तर क्रिया या दिशेने जाते. उदासीन ठेवले, तर ती उलटी फिरते आणि त्याच विकराने ॲसिटोॲसिटेट मोजता येते. विल्यमसन, मेलनबी आणि क्रेब्ज यांनी १९६२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांनी ऱ्होडोस्यूडोमोनास स्फिरॉइडिस या प्रकाशावर जगू शकणाऱ्या जीवाणूचे विकर वापरले होते. प्राण्यांचे विकर मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतील ऊर्जा तयार करणाऱ्या भागांच्या, पटलाला चिकटलेले असते आणि लेसिथिन या स्निग्ध पदार्थावाचून काम करत नाही. जीवाणूचे पाण्यात सहज विरघळते. जीवाणूला त्याची गरज असते, कारण आपण कणगीत धान्य साठवावे तसे तो पॉलिहायड्रॉक्सीब्युटिरेटचे कण पोटात साठवतो आणि उपासमारीच्या वेळी ते मोडून खातो. रोज रात्री दुधाला विरजण लावणाऱ्या घरांतही मुलांना ‘जीवाणू म्हणजे रोग’ एवढेच शिकवले जाते, याचे मला नवल वाटते.

सलाइन आणि इन्सुलिन सुरू झाले. दुसऱ्या दिवशी पट्टीवर गडद जांभळा रंग आला आणि मुलीचे वडील घाबरून प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभे राहिले. सरांनी त्यांना कुपीतील विकराने काढलेला नवा आकडा दाखवला. तो २ च्या खाली उतरला होता. उपचार लागू पडले, की बीटा हायड्रॉक्सीब्युटिरेटचे ॲसिटोॲसिटेट होऊ लागते आणि तेच तेवढे पट्टीला दिसते, म्हणून मुलगी सुधारत असतानाच पट्टी गडद होत होती.

चौथ्या दिवशी श्वासाचा वास गेला. आजींनी मला बोलावून सांगितले, “पाहा, पेटी हलवली अन् वास गेला.” घरी जाताना त्यांनी ती पेटी आमच्या प्रयोगशाळेत, विकराच्या फ्रीजशेजारी, आणून ठेवली.