ईसीएम मेलेला नाही, मुका झालाय

(लातूरमध्ये गॅरेजवाले आणि आयटीआयच्या मोटार मेकॅनिक ट्रेडच्या मुलांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मागच्या बाकावर ऐकू येतंय ना? बरं. माझ्या हातातली ही ॲल्युमिनियमची चपटी पेटी सगळ्यांनी ओळखली असेल. इंजिनाचा ईसीएम. कुणी ईसीयू म्हणतं, जुने मिस्त्री सरळ ‘कॉम्प्युटर’ म्हणतात. ही मोडीत निघालेल्या गाडीची आहे, बिनधास्त हाताळा. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या एका पेटीबद्दल. ती मी माझ्या हाताने बंद पाडली होती.

मे महिन्यातली दुपार. रेणापूरकडचे एक काका डिझेल गाडी घेऊन आले. तक्रार साधी होती: सकाळी गार इंजिन आयडलला, म्हणजे रेस न देता उभ्या गाडीत, हेलकावे खायचं. त्या तक्रारीवर नवं सॉफ्टवेअर निघालेलं होतं. टूल माझ्याकडे होतं, फाईल अधिकृत होती. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम. बॅटरीला चार्जर लावला, लॅपटॉप इन्व्हर्टरच्या बोर्डावर लावला आणि फ्लॅश, म्हणजे ईसीएमवर नवं सॉफ्टवेअर लिहिणं, सुरू केला. काका बाहेर लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. ३८ टक्क्यांवर लाईट गेली.

लॅपटॉप इन्व्हर्टरवर, त्यामुळे पडद्यावरचा आकडा पुढे सरकतच होता. म्हणून मीही निवांत. चार्जर मात्र साध्या सॉकेटवर होता, तो लाईटबरोबरच बंद पडला. आणि बोनेटखाली रेडिएटरचा पंखा फुल स्पीडला सुटलेला होता. इंजिन बंद, मग पंखा कशाला? कित्येक गाड्यांत पंख्याला ईसीएमचा हुकूम येईनासा झाला, की इंजिन तापलं असेल असं धरून तो आपणहून पूर्ण वेगाने फिरायला लागतो. सोय चांगलीच आहे, पण फ्लॅश चालू असताना ती जिवावर येते. असा पंखा सहज २० ते २५ अँपिअर खातो. वरून उन्हाळ्याने आधीच थकलेली बॅटरी. ६२ टक्क्यांवर आकडा थांबला. मीटर लावला तर ११ व्होल्टच्याही खाली.

चावी बंद करून परत ऑन केली. चावी ऑन केली की लागतो तो चेक इंजिनचा दिवा लागेना. सेल मारला तर स्टार्टर गप्प. बिघाडांचे म्हणजे फॉल्टचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर ‘नो कम्युनिकेशन’. काका आत डोकावले, “काय ओ, चालू व्हईना का?” त्या वेळी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता, एवढं आठवतं.

आता आत काय घडलं होतं ते बघू. ईसीएमच्या चिपमध्ये फ्लॅश मेमरी असते. तिच्यावर लिहायचं तर आधी तो भाग पुसावा लागतो. जुन्या अक्षरांवर नवी अक्षरं गिरवता येत नाहीत. म्हणजे पाटी आधी स्वच्छ पुसली, नवा धडा लिहायला घेतला आणि अर्ध्यात खडू संपला, अशी गत. जुना धडाही गेला, नवाही पुरा नाही.

पण सगळी पाटी पुसलेली नसते. जुन्या वाड्याची देवडी बघितलीय ना? आतलं माजघर, चौसोपी सगळं ढासळलं तरी कित्येक वाड्यांची देवडी उभी दिसते. ईसीएमची देवडी म्हणजे बूटलोडर. हा छोटासा प्रोग्रॅम मेमरीच्या वेगळ्या कप्प्यात असतो आणि नेहमीच्या अपडेटमध्ये त्याला कुणी हात लावत नाही. चावी ऑन केली की पहिला तोच जागा होतो. आतला मुख्य प्रोग्रॅम पुरा आहे का ते तपासतो. पुरा नसला तर दार उघडतच नाही, देवडीत बसून वाट बघतो. त्याला इंजिन चालवता येत नाही, डिझेल फवारणारे इंजेक्टर माहीत नाहीत, फॉल्ट कोड सांगता येत नाहीत. त्याला एकच काम येतं, नवा प्रोग्रॅम आत घेणं. आपला स्कॅनर त्याला फॉल्ट कोड विचारतो आणि उत्तर येत नाही म्हणून ‘नो कम्युनिकेशन’ दाखवतो. चौकीदाराला घरातल्या वाटण्या विचारल्या तर तो काय सांगणार?

इंटरनेटवर याला ‘ब्रिक’ म्हणजे वीट झाली म्हणतात. आपल्याकडे ‘ईसीएम उडाला’ म्हणून मोकळे होतात आणि गिऱ्हाइकाच्या माथी नवा मारतात.

मीही त्या दिवशी तसाच घाबरलो. आणि खरं सांगतो, लाईटने केलं त्यापेक्षा जास्त नुकसान पुढच्या तासाभरात मी करत होतो. बॅटरीचा टर्मिनल काढला, लावला. परत फ्लॅश. परत तिथेच. मग एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून ‘सेम गाडी’ची फाईल घेतली आणि तीही मारायला बसलो. गाडी सेम होती, ईसीएमचा हार्डवेअर नंबर वेगळा होता. बूटलोडरने ती फाईल नाकारली, म्हणून वाचलो. सगळेच बूटलोडर इतके शहाणे नसतात.

शेवटी संभाजीनगरच्या उस्तादांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बेटा, मरा नहीं है, गूंगा हुआ है. पहले पंखे का कनेक्टर निकाल.” मी म्हटलं, उस्ताद, मी ईसीएमचं विचारतोय. तर म्हणाले, “मैं भी वही बता रहा हूं.”

पंखा काढला. बॅटरी चांगली भरून घेतली. शेजारच्या दुकानातून स्थिर डीसी सप्लाय आणला आणि १३.४ व्होल्टवर लावला. साधा चार्जर आणि असा सप्लाय यांत फरक आहे, बरं का. स्वस्तातला चार्जर बॅटरी भरतो खरा, पण त्याचं व्होल्टेज लाटा मारतं. ईसीएमला सपाट पाणी लागतं.

मग ओबीडीच्या, म्हणजे स्कॅनर-टूल जोडायच्या, सॉकेटची तपासणी. आपल्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात, या सॉकेटलाही १६ पिना आहेत. आज कामाच्या पाचच. १६ नंबरला कायमचा प्लस. ४ आणि ५ ला अर्थ. ६ आणि १४ वर कॅनच्या, म्हणजे गाडीतल्या पेट्या एकमेकींशी बोलतात त्या लाईनच्या, दोन वायरी. बॅटरी सोडून ६ आणि १४ मध्ये ओहम मोजले तर ६० च्या आसपास यायला हवेत, कारण लाईनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना भिडल्यात. हे मोजायला दोन मिनिटं लागतात आणि दहातले नऊजण मोजत नाहीत. नववा मीच होतो.

आता खरी गंमत. टूलमध्ये रिकव्हरीचा पर्याय असतो, तो निवडला आणि लॉगची खिडकी उघडी ठेवली. टूल ‘१० ०२’ असं पाठवतं, म्हणजे ‘प्रोग्रॅमिंगला बस’. मी पडद्याला डोळे लावून. खालच्या ओळीत उत्तर आलं: ‘५० ०२’. बसलो. निम्मी गाडी तिथेच जिवंत झाली समजा. नो कम्युनिकेशनवाला मुडदा बोलला होता.

पुढे कुलूप उघडायचं असतं. ईसीएम एक आकडा देतो, टूलने त्यावरून किल्ली तयार करून परत द्यायची. तिथे उत्तर आलं ‘७एफ २७ ३७’. ७एफ म्हणजे नकार. २७ म्हणजे कुलपाच्या बाबतीत. आणि ३७ म्हणजे अजून वेळ झालेली नाही, थांब. मी आधी तासभर चुकीच्या किल्ल्या खुपसत होतो ना, त्यामुळे पेटीने मला चोर समजून बाहेर उभं केलं होतं. उपाय काय? काही नाही. चावी ऑन ठेवायची, कशालाही हात लावायचा नाही आणि बसायचं. दहा मिनिटं बसलो. गॅरेज काढल्यापासून इतकी लांब दहा मिनिटं मी बघितली नव्हती.

दहा मिनिटांनी कुलूप उघडलं. मग पुसणं, मग लिहिणं. कॅनच्या साध्या फ्रेममध्ये, म्हणजे एका खेपेत, ८ बाइट बसतात. त्यातला एक हिशेबात जातो, कामाचे ७ उरतात. म्हणजे २ एमबीच्या फाईलला सुमारे ३ लाख फ्रेम. त्यातली एक जरी हरवली तरी शेवटी बेरीज जुळत नाही आणि बूटलोडर प्रोग्रॅमला पुरा मानत नाही. म्हणूनच सांगतो, बाजारातल्या त्या छोट्या ब्लूटूथ डोंगलवर फॉल्ट वाचा, फ्लॅश कधीच मारू नका.

१०० टक्के झालं. रिसेट. चेक इंजिनचा दिवा लागला. दिवा लागल्यावर एवढा आनंद झालेला मेकॅनिक त्या दिवशी मी एकटाच असेन.

(प्रश्न: आणि बूटलोडरच गेला असेल तर?)

चांगला प्रश्न. मग ओबीडीमधून काही होत नाही. पेटी उघडावी लागते. बॉशच्या ईडीसी १७ सारख्या पेट्यांत इन्फिनिऑनची ट्रायकोर चिप असते. बोर्डावरचा ठरावीक बिंदू रेझिस्टरमधून अर्थला जोडून पॉवर दिली की चिप स्वतःच्या कारखान्यातल्या बूटमधून उठते. तिथून टेबलावरच वाचता-लिहिता येतं. नव्या पेट्यांत त्यालाही पासवर्ड आहे, तिथे आपली धाव संपते. पण उघडली तर लिहिण्याआधी वाचा. सगळं वाचा. इमोबिलायझरचा, म्हणजे किल्ली ओळखण्याचा डेटा आत असतो. कित्येक डिझेलमध्ये प्रत्येक इंजेक्टरचा कोड असतो. ते गेलं तर गाडी चालू होऊन लगेच बंद पडते, नाहीतर चालते पण खडखडते. आणि ‘व्हर्च्युअल रीड’ म्हणजे बॅकअप नव्हे. टूल पेटीचा नंबर बघून सर्व्हरवरून कंपनीची फाईल उतरवतं. त्यात तुमच्या गिऱ्हाइकाच्या गाडीचं स्वतःचं असं काहीच नसतं.

एक कडू गोष्ट सांगून टाकतो. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून माझ्याकडे येणाऱ्या बंद पेट्यांतल्या बऱ्याच अपडेटने गेलेल्या नसतात. डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर काढून टाकायचा, ईजीआर म्हणजे थोडा धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह बंद करायचा, पिकअप वाढवायचा म्हणून कुणीतरी लॅपटॉप घेऊन फिरणारा येतो, फाईल मारतो, बिघडली की फोन उचलत नाही. मी ती पेटी जिवंत करतो ती मूळ फाईलवर. डीपीएफ काढलेलीच फाईल हवी म्हणणाऱ्याला गाडी टो करून परत न्यायला सांगतो. रागावतात. रागावू देत.

काकांच्या गाडीचं राहिलंच. संध्याकाळी चालू करून दिली, इंजेक्टरचे कोड तपासले, पंख्याचा कनेक्टर आठवणीने परत लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन: आयडलचे हेलकावे तसेच. बघितलं तर एअर फिल्टरनंतरच्या रबरी होजला खालच्या बाजूने चीर होती. शंभरेक रुपयांचा क्लॅम्प आणि जुन्या गाडीची होज, एवढ्यावर काम झालं. पैसे मी घेतले नाहीत, आणि काकांनी विचारलंही नाही.

बरं, आता ही पेटी उघडून दाखवतो, मागच्यांनी पुढे या. कडेने काळं सिलिकॉन दिसतंय ना, ते हीटगनने हळूहळू मऊ करायचं. स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटायचं नाही, आतल्या बोर्डाच्या कडेचे पार्ट उडतात. ए बाळा, ती खिडकी उघड. सिलिकॉन तापलं की वास येतो.