देहान्त प्रायश्चित्त

(दृश्य : क्षेत्र माहुली. सकाळ. घाटाच्या पायरीवर मांडलेला पिंड.)

सातारा शहरातून पूर्वेला पाचेक किलोमीटर आलं की कृष्णा-वेण्णेचा संगम लागतो. दहाव्याच्या विधीला इथं सकाळपासून माणसं असतात. पिंड ठेवून मंडळी मागं सरली आहेत. कावळे भरपूर आहेत, पण झाडावरून हलत नाहीत. मुलगा पुढं होतो. "आबा, पोराबाळांची काळजी करू नका." कावळे ढिम्म. मग कुणीतरी त्याच्या कानाशी लागतं. तो घुटमळतो आणि मागं उभ्या बहिणीकडं न बघता म्हणतो, "ताईचं जे काय असंल ते देतो, आबा. घ्या आता."

तो पिंड राहू दे तिथंच. आपण आलोय याच गावच्या एका माणसासाठी.

रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे. विशीपर्यंत अक्षरओळख नाही, साताऱ्यात सावकाराच्या घरी पडेल ते काम, असं सांगतात. मग काशी गाठली. शिकून परतले, पेशव्यांच्या पदरी राहिले आणि 1759 मध्ये न्यायाधीश झाले. साताऱ्याचा इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफ याने 1826 साली मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात शास्त्रीबुवांची एक सवय नोंदवली आहे : घरात एका दिवसाला पुरेल एवढाच शिधा. न्यायाधीशाच्या घरात साठवणीची कोठी नाही! लाच ठेवणार तरी कुठं?

(दृश्य : विश्वेश्वराचं देऊळ. गाभाऱ्यातला दिवा.)

डफनेच दिलेली एक हकिकत आहे. थोरले माधवराव पेशवे तरुणपणी जपजाप्यात फार रमू लागले. शास्त्रीबुवा कामासाठी वाड्यावर गेले, तर स्वारी ध्यानाला बसलेली. शास्त्रीबुवा मुकाट परतले. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाले, काशीला जायची परवानगी द्या. पेशव्यांनी कालच्या प्रकाराबद्दल दिलगिरी दाखवली, पण जप काही वाईट नाही, असंही ऐकवलं. शास्त्रीबुवांचं म्हणणं साधं होतं. जप उत्तमच, पण मग संसार सोडा, गादी सोडा, दोघं मिळून काशीला जाऊ. ब्राह्मणाने आपला धर्म सोडून राज्य घेतलंय; त्याची भरपाई एकाच गोष्टीने होते, रयतेचं भलं. माधवरावांनी जपाचं वेड सोडलं.

हे बोलणारा माणूस नास्तिक नव्हता. पक्का कर्मठ शास्त्री होता. धर्म मोडीत काढून राज्यकारभार करा, असं तो म्हणत नव्हता. गादीवर बसलेल्याचा धर्म देवघरात नसतो, कचेरीत असतो, एवढंच त्याचं म्हणणं. आजही फायली तुंबलेल्या असताना पूजेला बसलेला साहेब दिसला की मला माहुली आठवते.

(दृश्य : अंधार पडलेला घाट. पाण्याचा आवाज.)

मग 30 ऑगस्ट 1773. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनी खून केला. ‘ध’चा ‘मा’ सगळ्यांना पाठ आहे, तिकडं जात नाही. महत्त्वाचा आहे तो पुढचा प्रश्न. चौकशीत धागा नारायणरावांचे काका रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब यांच्यापर्यंत पोचला. धरायला सांगितलं होतं, मारायला नव्हे, असं त्यांनी कबूल केलं आणि विचारलं : प्रायश्चित्त काय?

शब्द बघा. शिक्षा नाही, प्रायश्चित्त. शिक्षा राजा देतो, आणि आता राजा म्हणून तेच बसलेले. प्रायश्चित्त मात्र शास्त्र्याला विचारावं लागतं. धर्मशास्त्रात गोदान आहे, सुवर्णदान आहे, तीर्थयात्रा आहे. मोठ्या माणसाला परवडतील अशा वाटा कमी नाहीत. दादासाहेबांना त्यातलीच एखादी हवी असणार. शास्त्रीबुवांनी सांगितलं : देहान्त. तुम्ही गादीवर आहात तोवर पुण्यात पाऊल ठेवणार नाही, असंही सांगून ते वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

रघुनाथरावांना कुणी देहदंड दिला नाही. निकाल बजावायला शास्त्रीबुवांकडं ना फौज होती ना तुरुंग. बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकवटलेल्या कारभाऱ्यांनी, कारभार हाती घेतल्यावर शास्त्रीबुवा पुन्हा न्यायासनावर आले, 1789 मध्ये वारले. पण खुन्याला धर्माचं पांघरूण मिळालं नाही, हे सगळ्या पुण्याला कळलं होतं.

एक खुटखुट मात्र राहते. तोच निवाडा एखाद्या महाराला मागता आला असता का? याच जिल्ह्यात खटाव तालुक्यात कटगुण आहे, जोतीराव फुल्यांचं मूळ गाव. नारायणरावाच्या खुनानंतर बरोब्बर शंभर वर्षांनी, 1873 मध्ये, जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. त्यांचं म्हणणं, निर्मिक म्हणजे निर्माता आणि माणूस यांच्यामध्ये कुणी दलाल नको, मग तो रामशास्त्र्यांसारखा निःस्पृह का असेना. आम्हाला शास्त्रीबुवांपुढं हात जोडावेसे वाटतात आणि जोतीरावांचं म्हणणंही खोडता येत नाही.

(दृश्य : पुन्हा घाट. ऊन वर आलेलं.)

पिंड अजून तसाच आहे. पाहुण्यांच्या गाड्या वर रस्त्यावर वळवून ठेवल्यात, जेवणं खोळंबली आहेत. गुरुजी घड्याळ बघतात, दर्भाच्या दोन काड्या उचलतात, त्यांचा कावळा करतात आणि पिंडाला टेकवतात. मुलगा हुश्श करून पाया पडतो. ताई पदर सावरून पायऱ्या चढायला लागली आहे.